आबांची गाडी मोरीत फसली होती

बोरीकाठ
शनिवार, रात्री ९.४०

गावाकडचं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, म्हणून गेल्या आठवड्यात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. मधल्या घरातल्या फळीवर, रिकाम्या डब्यांच्या मागे एक काळी लोखंडी पेटी निघाली. ही आबांची पेटी. आबा म्हणजे माझे आजोबा. १९८९ मध्ये गेले, तेव्हा मी सातवीत होतो.

आबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात ड्रायव्हर होते. १९४२ मध्ये भरती झाले, १९४६ च्या शेवटी परत आले. घरात त्यांच्या लढाईची एकच गोष्ट सांगितली जायची आणि तीही हसून सांगायची पद्धत होती: लढाई संपल्यावर आबा लढायला गेले, आणि तिथे त्यांची गाडी मोरीत फसली. पाहुणे आले की काका ही गोष्ट काढायचेच. मीही हसायचो. जपान १५ ऑगस्ट १९४५ ला शरण आला हे शाळेत शिकल्यावर मी एकदा आबांना सरळ विचारलं, मग तुम्ही सप्टेंबरात कुणाशी लढायला गेला होता? त्यांनी उत्तर दिलं नाही. विडी पेटवली आणि ओट्यावर जाऊन बसले. तो प्रश्न मी विचारायला नको होता, असं आता फार वाटतं.

त्यांची जी वाक्यं कानात राहिली आहेत, ती जशीच्या तशी, अहिराणीतच देतो (गारा म्हणजे चिखल). कुणाला काही लागलं तर सांगा.

"जहाजनं तोंड उघडस नि गाड्या बाहेर येतस."

"पोळा जहाजवर गया. तिसरा रोज उतरनूत."

"वर वाळू, खाले गारा. मन्ही गाडी तठेच फसनी."

पेटीत चार पदकं आहेत. दोन सहा टोकांच्या चांदण्या, दोन गोल. एका गोल पदकाची फीत जांभळी, मधे हिरवा पट्टा, आणि फितीवर धातूची छोटी आडवी पट्टी आहे. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आहेत, पण काळी पडली आहेत. शिवाय एक कॅनव्हासचा पट्टा, आणि कापडाचा एक गोल तुकडा. पिवळ्यावर लाल कोंबडा. आजी म्हणायची, "हे कोंबड्याच्या पलटणीत होते." आम्हाला वाटायचं, खाटकाच्या कामावर असतील.

माझे प्रश्न साधे आहेत. ही मोरी कुठली? लढाई संपल्यावर आबा कुठे उतरले? आणि जहाज तोंड उघडतं म्हणजे काय?

सातपुडा
शनिवार, रात्री १०.०५

दादा, आधी एक विनंती. पदकं चिंच किंवा राख लावून घासू नका. अक्षरं बुजतात. भिंग घ्या, मोबाईलची बॅटरी तिरपी धरा आणि पट्टीवर काय आहे ते वाचा. या सगळ्याचं उत्तर त्या पट्टीवर असण्याची शक्यता आहे.

कोंबडा मात्र मी ओळखला. पिवळ्या गोलात लाल झुंजीचा कोंबडा ही २३व्या हिंदी पायदळ डिव्हिजनची खूण. ही डिव्हिजन १९४२ पासून मणिपुरात होती, १९४४ ची इंफाळची लढाई तिने लढली. तुमचे आबा खाटीक नव्हते, त्या डिव्हिजनचा दारूगोळा आणि शिधा ओढणारे होते. इंफाळचा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात गाडीनं काढला, त्यांना हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निवृत्त_नाविक
शनिवार, रात्री ११.२०

धागा वाचून झोप लागेना, म्हणून लिहितो. मी मूळचा नंदुरबारचा, नौदलात २२ वर्षं काढली, त्यातली काही किनाऱ्यावर चढणाऱ्या जहाजावर.

मोरी नव्हे. मोरीब. मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, आजच्या मलेशियात, क्लांग बंदराच्या दक्षिणेला. तुमच्या आबांनी नाव बरोबर सांगितलं होतं, घरच्यांच्या कानांनी शेवटचं अक्षर गाळलं.

मोहिमेचं नाव ऑपरेशन झिपर. माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडनं ती आखली होती. मोरीब आणि पोर्ट डिक्सनच्या किनाऱ्यांवर २५वी आणि २३वी हिंदी डिव्हिजन उतरवायची, पोर्ट स्वेटनहॅम (आजचं क्लांग) हे बंदर आणि जवळची धावपट्टी घ्यायची, मग दक्षिणेला सिंगापूरकडे सरकायचं. सगळी तयारी जपानी सैन्य लढेल असं धरून झाली होती. मग ऑगस्टमध्ये अणुबॉम्ब पडले, जपान शरण आला. पण टोकियोच्या उपसागरात २ सप्टेंबरला सह्या होईपर्यंत कुठेही सैन्य उतरवायचं नाही, असा अमेरिकन सेनापती मॅकआर्थरचा हुकूम होता. त्यामुळे सगळं खोळंबलं. ५ सप्टेंबरला ५वी हिंदी डिव्हिजन सिंगापुरात उतरली. आणि ९ सप्टेंबर १९४५ ला, रविवारी, मोरीबच्या किनाऱ्यावर ठरल्याप्रमाणे उतरणं झालं.

लढाई संपली तर उतरले कशाला, हा तुमचा लहानपणीचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण विचार करा. हजारो माणसं, गाड्या, तोफा जहाजांत ठरावीक क्रमानं भरलेल्या. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, म्हणजे दाराशी राहील. हा क्रम मोडून सगळं बंदरावर उतरवून पुन्हा भरायचं तर आठवडे जातात. आणि मलायात जपानी सैन्य हत्यारांसह बसलेलं. वरून हुकूम आला म्हणून खालची प्रत्येक तुकडी हत्यार ठेवेलच, याची खात्री त्या दिवशी कुणी द्यावी? नेल्सन ही ब्रिटिश युद्धनौका आणि रिशेल्यू ही फ्रेंच युद्धनौका मागे उभ्या होत्या, त्या उगाच नव्हेत.

गोळी सुटली नाही. पण गाड्या रुतल्या. किनारा वरून कडक वाळूचा दिसत होता आणि खाली मऊ चिखल होता. वजन आलं की साय फुटल्यासारखा वरचा थर फुटायचा. कितीतरी गाड्या भरतीच्या पाण्यात बुडाल्या. तुमच्या आबांनी आठ शब्दांत जे सांगितलं, तेच लष्करी इतिहासात पानं भरून लिहिलेलं आहे.

गिरणेची_रेती
रविवार, सकाळी ६.५०

वर वाळू, खाली गारा. हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे गिरणेच्या पात्रात ट्रॅक्टर असाच जातो. वरून वाळलेलं, पापुद्रा आलेला, माणूस चालला तर पाय उमटत नाही. पुढचं चाक जातं, मागचं बसतं. आणि ड्रायव्हर घाबरून रेस वाढवतो, तिथे संपलं. चाक जितकं फिरेल तितकं खड्डा खणतं.

बोरीकाठ दादा, आबांकडे कुठली गाडी होती ते काही आठवतं का? त्यांना ती पाण्यातून काढावी लागली असेल तर तयारी काय करायचे, हे कुणी सांगेल का?

निवृत्त_नाविक
रविवार, सकाळी ९.१५

सांगतो. हिंदी सैन्यात त्या काळी कॅनडात बनलेल्या फोर्ड आणि शेवरलेट गाड्या पुष्कळ होत्या, तीन टनी. पाण्यात उतरवायच्या आधी गाडीला पाणी लागू नये म्हणून ड्रायव्हरला स्वतः तासन्‌तास काम करावं लागे. प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, वायरींचे जोड, सगळ्यावर ग्रीससारखा घट्ट लेप थापायचा. धुराची नळी वर वळवून छपरापर्यंत न्यायची. इंजिनला हवा घेणारी नळीही उंच करायची. खोल पाणी असेल तर पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, नाहीतर पंखा पाणी उडवून इंजिनवरच मारतो.

आणि किनाऱ्याला लागल्यावर हे सगळं पुन्हा उतरवायचं, लवकर, कारण लेप लावलेलं आणि पंखा बंद असलेलं इंजिन थोड्याच वेळात तापून बसतं. उतरताना पहिला गिअर, पाय एकसारखा, थांबायचं नाही. 

आता जहाज तोंड उघडतं ते. रणगाडे आणि गाड्या उतरवणारी मोठी जहाजं, सुमारे १०० मीटर लांब, तळ सपाट. नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, दोन दारं. दारं उघडली की आतून रॅम्प खाली येतो. ही जहाजं बंदर मागत नाहीत, सरळ किनाऱ्यावर चढतात. चढण्याआधी मागच्या बाजूला एक नांगर टाकायचा आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जायचं. परत निघताना त्याच तारेला ओढून जहाज स्वतःला मागे खेचतं. पोटातल्या टाक्यांतलं पाणी मागे-पुढे करून नाळ हलकी ठेवायची. वेळ चुकली आणि पाणी उतरलं, तर पुढची भरती येईपर्यंत जहाज म्हशीसारखं बसून राहतं. त्या वेळी कप्तानाच्या कपाळावरचा घाम मी पाहिला आहे.

ताई_पारोळा
रविवार, दुपारी १.३०

मला जहाजातलं काही कळत नाही, पण पोळा वाचून थांबले. माझ्याकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा आहे. १९४५ ची दिवाळीची अमावस्या ४ नोव्हेंबरला होती. दोन महिने मागे गेलं की श्रावण अमावस्या येते ६ सप्टेंबरला, गुरुवारी. म्हणजे पोळा ६ तारखेला. आणि तिसऱ्या दिवशी ९ तारीख.

तुमच्या आबांना इंग्रजी तारीख लक्षात नव्हती, पण तिथी पक्की होती. शेतकऱ्याचा पोरगा, बैलांना अंघोळ घालायचा दिवस जहाजाच्या पोटात गेला, ते तो विसरेल कसा.

निवृत्त_नाविक
रविवार, दुपारी २.१०

ताई, तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत. अमावस्येनंतर दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असतं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत क्लांगजवळ भरती-ओहोटीतला फरक तसाही मोठा, उधाणात अजून मोठा. म्हणजे पाणी उतरलं की चिखलाचा पट्टा लांबच लांब उघडा पडणार, आणि जी गाडी त्या पट्ट्यात फसली तिच्यावर काही तासांत खोल पाणी येणार. गाडी बुडाली म्हणजे काय, ते आता नीट कळतं. ती चिखलात फसली, आणि समुद्र तिच्यावर चढला.

रोखठोक_धुळे
रविवार, सायंकाळी ६.००

भावना समजतात. पण शत्रूनं एक गोळी झाडली नाही, त्याला समुद्रमार्गे आक्रमण म्हणायचं का? खरं आक्रमण फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं, ६ जून १९४४ चं नॉर्मंडी. एका दिवसात सुमारे दीड लाख सैनिक, पाच किनारे, हजारो जहाजं. ओमाहा किनाऱ्यावर पोहणारे रणगाडे उतरवले, एका बटालियननं समुद्रात सोडलेल्या २९ पैकी २७ बुडाले. मोरीबला त्याच्या शेजारी बसवणं मला पटत नाही.

गिरणेची_रेती
रविवार, सायंकाळी ६.४०

भाऊ, ते २७ कशानं बुडाले? गोळ्यांनी नव्हे, लाटांनी. मग मोरीबच्या गाड्या चिखलानं बुडाल्या, ते का मोजायचं नाही? सैनिकाला उतरताना माहीत नव्हतं की समोरून गोळी येणार नाही.

सातपुडा
रविवार, रात्री ८.३०

रोखठोक दादांचं नॉर्मंडीचं उदाहरण घेऊनच सांगतो. तिथे सगळ्यात आधी काय तपासलं, ठाऊक आहे? वाळू. १९४३ च्या शेवटच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले. जर्मन पहारेकऱ्यांच्या नाकासमोर नळीसारखं हत्यार वाळूत खुपसून खालचा थर काढला आणि परत पोहत गेले. वाळूखाली कुजलेल्या झाडपाल्याचा मऊ थर असल्याची शंका होती. तो रणगाड्याचं वजन पेलेल का, हा प्रश्न होता. इंग्लंडमध्येही तसाच किनारा शोधून त्यावर गाड्या घालून पाहिल्या होत्या. आणि मऊ जागांसाठी एक खास रणगाडा बनवला. त्याच्या पुढे जाड कापडाची मोठी गुंडाळी, चालता चालता तो आपल्यापुढे कापड अंथरत जाई आणि मागच्या गाड्या त्या कापडावरून जात.

आपल्याकडे गाडी रुतली की चाकाखाली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, टाकतात, तीच युक्ती.

उलटं उदाहरण तारावाचं. २० नोव्हेंबर १९४३, प्रशांत महासागरात. प्रवाळाच्या कड्यावर पाणी अपेक्षेपेक्षा कमी निघालं. सैनिक नेणाऱ्या होड्यांना सुमारे चार फूट पाणी लागायचं, त्या कड्यावरच अडकल्या. माणसं शेकडो यार्ड पाण्यातून चालत गेली, समोरून मशीनगन चालू. तीन दिवसांत सुमारे हजार अमेरिकन मेले. ज्या थोड्या गाड्या रणगाड्यासारख्या साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या होत्या, त्या कड्यावरून चढून पार गेल्या.

तेव्हा मोरीबला जपानी लढले असते तर काय झालं असतं, याचा विचार करा. गाड्या चिखलात, तोफा गाड्यांमागे, मागून भरती. लढाई झाली नाही हे आबांचं नशीब.

भुसावळ_जंक्शन
रविवार, रात्री १०.१५

मी रेल्वेतून निवृत्त. माझे वडील युद्धाच्या काळात भुसावळच्या लोको शेडला होते. ते सांगायचे, रात्री-अपरात्री लष्कराच्या खास गाड्या यायच्या, खिडक्या बंद, फलाटावर कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत. मुंबईकडे जाणाऱ्या वेगळ्या, नागपूरकडे जाणाऱ्या वेगळ्या.

अमळनेर ताप्ती व्हॅली लाइनवर आहे, म्हणजे रजेवरून परत जाताना आबा भुसावळलाच गाडी बदलत असणार. बोटीवर मद्रासला चढले असतील तर भुसावळहून वर्धा, बल्लारशा, काझीपेट, बेझवाडा (आजचं विजयवाडा) असा रस्ता. ती लाइन १९२९ च्या सुमारास पूर्ण झाली, म्हणून ते शक्य होतं. आबा कुठल्या बंदरातून निघाले ते काही आठवतं का?

बोरीकाठ
सोमवार, पहाटे ५.२०

रात्रभर पट्टी वाचत बसलो. भिंग आणि बॅटरी. सातपुडा दादा, तुमचे उपकार.

एस. ई. एशिया (म्हणजे आग्नेय आशिया) १९४५-४६. एवढंच लिहिलं आहे.

भुसावळ काका, आबा मद्रास म्हणायचे. मद्रासच्या बंदरावर भात खाऊन पोट बिघडलं, असं आजी सांगायची.

पण १९४६ कसं? मोरीब तर १९४५ चं.

सातपुडा
सोमवार, सकाळी ७.४५

दादा, आता जे लिहितो ते शांतपणे वाचा.

मोरीबनंतर २३वी डिव्हिजन जावा बेटावर गेली. तिथे डच राज्य परत येऊ पाहत होतं आणि इंडोनेशियाच्या लोकांनी १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि कैदेतली माणसं सोडवायची, या कामावर आपली पलटण गेली आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या लोकांच्या समोर उभी राहिली. ३० ऑक्टोबरला सुराबायात २३वीच्याच एका ब्रिगेडचा ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. १० नोव्हेंबरपासून त्या शहरात फार मोठी लढाई झाली. इंडोनेशियात आजही तो दिवस वीर दिन म्हणून पाळतात. नेहरूंनी तेव्हाच निषेध केला होता की हिंदी सैनिक दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला वापरू नका. काही हिंदी सैनिक पलटण सोडून इंडोनेशियाच्या बाजूला गेलेही. डिव्हिजन १९४६ च्या नोव्हेंबरपर्यंत तिथे होती.

तुम्ही लिहिलंत की आबा १९४६ च्या शेवटी परत आले. तारखा जुळतात. ही पट्टी त्या जावाच्या नोकरीची आहे.

तुमच्या प्रश्नावर आबा उठून ओट्यावर गेले, त्याचं कारण कदाचित मोरीब नसेल.

ताई_पारोळा
सोमवार, सकाळी ८.३०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. इकडे छोडो भारत चाललेलं, साताऱ्याला पत्री सरकार, आपल्या अमळनेरात साने गुरुजी. आणि आबा तिकडे. घरी आल्यावर ते कुणाला आणि काय सांगणार?

रोखठोक_धुळे
सोमवार, सकाळी ९.१०

मी काल जे लिहिलं त्याबद्दल बोरीकाठ दादांची माफी मागतो. जावाचं मला माहीत नव्हतं.

निवृत्त_नाविक
सोमवार, सकाळी ११.००

रोखठोक भाऊ, माफीची गरज नाही, तुमच्यामुळे चर्चा नीट झाली. वाळूचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचंही सांगितलं पाहिजे, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक आहे.

डिसेंबर १९७१. पाकिस्तानी सैन्यानं पूर्व बंगालमधून ब्रह्मदेशाकडे पळू नये म्हणून कॉक्स बझारला सैन्य उतरवायचं ठरलं. ऑपरेशन बीव्हर. गोरखा बटालियन, घडियाल आणि गुलदार ही आपली दोन जहाजं. किनाऱ्याची माहिती पुरेशी नव्हती, तयारीला वेळ नव्हता. जहाज किनाऱ्यापासून दूर वाळूच्या दांड्यावर टेकलं. रॅम्प उतरला. पुढे किनाराच आहे असं वाटलं, पण दांड्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे खोल पाणी होतं. पाठीवर वजन घेतलेले डोंगराळ भागातले जवान, पोहता न येणारे, त्यात उतरले. काही बुडून गेले. शत्रू किनाऱ्यावर नव्हताच.

आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही. त्यानंतर मी प्रत्येक वेळी रॅम्पच्या टोकाला उभा राहून आधी बांबूनं पाणी मोजायचो, हुकूम असो नसो. मोरीबला खालचा गारा, कॉक्स बझारला मधला खड्डा. दोन्ही ठिकाणी वरून सगळं ठीक दिसत होतं.

गिरणेची_रेती
सोमवार, दुपारी १२.२५

काका, हे आमच्या मुलांना सांगणार आहे. पात्रात पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ट्रॅक्टर घालताना आम्हीही आधी काठी खुपसतो.

बोरीकाठ दादा, एक विचारायचं राहिलं. आबांनी गाडी बाहेर काढली की ती तिथेच राहिली?

बोरीकाठ
मंगळवार, रात्री ९.५५

उशीर झाला, माफ करा. उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून आज एरंडोलला आत्याकडे जाऊन आलो. आत्या आबांची धाकटी मुलगी, आता ७७ वर्षांची. तिला मी हा सगळा धागा वाचून दाखवला. सुराबायाचं वाचताना तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, पुढे वाच.

मोरीबच्या गाडीचं काय झालं ते तिलाही माहीत नाही. पण तिनं एक गोष्ट सांगितली, जी माझ्या वडिलांनी किंवा काकांनी कधी सांगितली नव्हती.

ती आठ-नऊ वर्षांची असेल. गावात नुकत्याच टायरच्या बैलगाड्या आल्या होत्या. आबांनी एक घेतली होती. पावसाळा संपत आलेला, शेतातून भुईमुगाच्या शेंगांची पोती भरून बोरी ओलांडायची होती. पात्र वरून वाळलेलं. मधे गेल्यावर गाडी बसली. बैलांनी जोर लावला, चाक अजून खाली. काठावर माणसं जमली, कुणी म्हणे पोती उतरवा, कुणी म्हणे अजून एक जोडी आणा. आबांनी बैल सोडून बाजूला उभे केले. कुणाशी बोलले नाहीत. चाकांजवळ उकिडवे बसले आणि दोन्ही टायरमधली हवा सोडायला लागले.

आत्या म्हणाली, बायका म्हणत होत्या, याचं डोकं फिरलं. चांगल्या चाकाची हवा सोडतोय. आबांनी हवा निम्म्याच्या आसपास केली, चाक पसरट झालं, मग पऱ्हाट्यांच्या दोन पेंड्या पुढे टाकल्या आणि बैल हळू, एकसारखे चालवले. गाडी बाहेर आली. शेंगांचं एकही पोतं भिजलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी हातपंपानं हवा परत भरली. आत्या पंप दाबत होती आणि आबा हातानं टायर चाचपत होते. तिनं विचारलं, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "समुद्रवर."

तो पंप अजून आमच्या गोठ्यात आहे. उद्या गावी जातोय, पदकांबरोबर त्याचाही फोटो काढून इथे टाकतो.